मी शोधलेली वसंतची पिकअप

रविवार, ३ डिसें. ८९

पळस्पे फाट्यावर जुन्या गाड्यांच्या नादाची आमची नेहमीची मंडळी. चहा, जुन्या मासिकांची देवघेव, डॉक्टरांच्या गाडीचा कार्ब्युरेटर. अकराच्या सुमारास वसंतचा ट्रक आला. मागे तारेच्या दोरानं बांधलेली एक गाडी. ओळखायला क्षणही लागला नाही. चिरनेरची. माझी.

'माझी' लिहून गेलो. खोडत नाही.

एकोणसाठ सालची अमेरिकन पिकअप. पुढून मोटार, मागे हौदा, दोन्ही अंगांना माशाच्या परांसारखे पसरट पंख. या जातीची दुसरी मी आपल्याकडे पाहिलेली नाही. सगळे चहा टाकून धावले. वसंत उतरला तो थेट माझ्याकडे. पाठीवर थाप. "काय शिऱ्या, वलकलीस का?"

म्हटलं, छान केलंस.

परत येईपर्यंत चहा गार. तसाच प्यालो.

मंगळवार, ५ डिसें.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःशी फिरवाफिरवी करता येणार नाही.

८१ साली बातमीसाठी चिरनेरला गेलो होतो. परतताना भातगिरणीमागे फणसाखाली दिसली. चाकं मातीत रुतलेली, हौद्यावर मच्छीवाल्यांची बर्फाची पेटी, पेटीवर कोंबड्या. त्यानंतर आठ वर्षांत दहा-अकरा खेपा झाल्या असतील. गिरणीवाल्या नानांशी सगळं बोललो. भात, पाऊस, निवडणूक, त्यांच्या मुलीचं लग्न. गाडीबद्दल एकदाही नाही. विचारलं आणि नाही म्हणाले, तर पुन्हा जायला कारण उरलं नसतं. शिवाय दर वेळी काहीतरी असायचंच. प्रूफं, संपादकांची घाई, बायकोचं, सुनंदाचं, ऑपरेशन.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वसंतला मीच तिथं नेलं. कुणाला तरी दाखवावीशी वाटली. शाळेपासूनचा मित्र, त्याला नाही तर कुणाला.

यंदा ऑक्टोबरात तो गेला, नानांना विचारलं, देता का? नाना म्हणाले, न्या.

एवढंच.

शनिवार, ९ डिसें.

व.च्या अंगणात जाऊन आलो. त्याचे दोन ट्रक न्हावा शेवा बंदराच्या फेऱ्या मारतात, ते हल्ली रस्त्यावरच उभे करतो. अंगण पिकअपसाठी मोकळं. वर ताडपत्रीचा मांडव. लग्नघरासारखं.

म्हणाला, "तू बगत बसलास, मी इचारलं. बगन्यात आनि इचारन्यात फरक हाय का नाय?" आणि हसला. त्यात खोच नव्हती. तेच जास्त लागलं.

घरी जेवताना सु. म्हणाली, "मिळाली असती तर ठेवली कुठं असती? गॅलरीत?"

बाईचं बरोबर असतं तेव्हा भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, हे इतक्या वर्षांत शिकलो आहे. म्हटलं. तिनं मीठ पुढे सरकवलं.

गुरुवार, १४ डिसें.

रंग ठरला. शेंदरी! वर पांढरा पट्टा. मी आठ वर्षं मनात तिला गर्द हिरवी रंगवत होतो, चाकांच्या कडा क्रीम. व.ला म्हटलं, हिरवा बघ. तो म्हणाला, "हिरव्या रानात हिरवी गाडी कोन बगनार?"

आणखी बेत. मागच्या स्प्रिंगच्या कमानींचे दोन-दोन पाटे काढून गाडी खाली बसवायची. हौद्याला सागवानी फळ्या, करंजा बंदरावरच्या होडीवाल्या सुतारांकडून, नावेच्या तळासारख्या. सीटला लाल रेक्झिन. मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद', ट्रकवर लिहितात तसं, कमळासकट.

मी म्हटलं, अमेरिकन गाडीवर कमळ?

"आई अमेरिकेची हाय का माजी?"

शेजारी चाचा होता, म्हणजे इब्राहिमचाचा, आमचा उरण नाक्याचा डेंटर. पत्रा ठोकून सरळ करण्यात अख्ख्या तालुक्यात त्याच्यासारखा नाही. तोही हसला. मीही हसलो. घरी येताना वाटलं, होडीच्या फळ्यांची कल्पना मला आठ वर्षांत का सुचली नाही?

सोमवार, १८ डिसें.

हा दिवस नीट लिहायला हवा.

गाडी चाचाच्या शेडमध्ये आहे. व. बंदरावर गेलेला. मी बाजारातून येताना डोकावलो. चाचा दाराच्या मागचा रंग खरवडत होता. रंगाखाली पुट्टीचा जाड थर, पुट्टीखाली पिवळी रेघ. पितळेचा जोड. छतापासून खालपर्यंत, हातानं ओढलेला, नागमोडी.

चाचानं आतलं अस्तर उचकटलं. आत पत्र्याचा तुकडा ठोकून बसवलेला. त्यावर निळी अक्षरं, उलटी. मान वाकडी करून वाचलं: 'शुद्ध शेंगदाणा ते'. पुढचं कापलेलं.

तेलाचा डबा. अमेरिकेतल्या कारखान्यात शेंगदाणा तेलाचा डबा कापून गाडीत घालत नाहीत.

चाचा उकिडवा बसला, विडी पेटवली. म्हणाला, "श्रीकांतभाऊ, ही पिकअप नव्हे. चार दरवाज्यांची मोटार होती. मागचे दरवाजे बंद केले, छत कापलं, हौदा बसवला. आमच्या उस्तादांच्या जमान्यात अशा पुष्कळ कापल्या. दूध न्यायला, बर्फ न्यायला. पण हात बघा काय सफाईचा. अल्ला कसम, पंधरा वर्षं पुट्टी फुटली नाही."

मी आठ वर्षं सगळ्यांना सांगत आलोय, कारखान्याची पिकअप आहे. सदरातही लिहिलंय एकदा. चिखलात, पेटीखाली, कोंबड्यांच्या गर्दीत जे दिसलं ते बघितलं. खरं म्हणजे जे हवं होतं ते.

चाचा म्हणाला, "वसंतशेठला सांगू ना?"

मी म्हटलं, "मी सांगतो."

मंगळवार, १९ डिसें.

सांगितलं नाही. तो भेटला, स्टँडजवळ. घाईत होता. मीही घाईत होतो असं मीच म्हणालो.

कालचं एक राहिलं लिहायचं. ती अक्षरं वाचली तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं? वाईट नाही वाटलं. आनंद झाला. आतून, उकळी फुटावी तसा. म्हणजे मी काही गमावलंच नव्हतं. तो एक कापलेली मोटार घेऊन बसला आहे.

रविवार, २४ डिसें.

पळस्पे. आज विषय रॅलीचा. मुंबईत, ४ फेब्रुवारीला. जुन्या गाड्यांची दरवर्षी असते, यंदा पहिल्यांदा हौसेनं सजवलेल्या पिकअपचा वेगळा गट. व.च्या नावाचा गजर झाला. डॉक्टर म्हणाले, "ढाल पनवेलला येणार, लिहून घ्या."

नियम डॉक्टरांनीच वाचून दाखवले. रंग, सजावट, चाकं, सीट, सगळं बदललेलं चालेल. बॉडी मात्र कारखान्याची हवी. कापलेल्या मोटारी बाद. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. चांगल्या मोटारी कापून लोकांनी टेंपो केले, त्याचा जुन्या मंडळींना राग. दोन वर्षांपूर्वी एकाची कापलेली गाडी परीक्षकांनी ओळखली. पांढऱ्या मिशांचे एक पारशी गृहस्थ आहेत, बॅटरी घेऊन सीटमागे डोकं घालतात. त्यांनी सगळ्यांसमोर काचेवर चिकटवलेला स्पर्धेचा नंबर सोलून काढला. "टेक युवर टेंपो होम," म्हणाले. लोक हसले. गाडीवाल्याची बायको गाडीतच बसलेली होती. मी तिथं होतो, दोन हात लांब. बातमीतही घेतलं होतं ते.

कापलेल्यांसाठी बाजूला नुसतं प्रदर्शन असतं. कारागिरी म्हणून. बक्षीस नाही, पण कुणी हसत नाही.

आज चहाच्या टेबलावर सांगता आलं असतं. इतक्या लोकांत नको म्हणून थांबलो.

शुक्रवार, २९ डिसें.

करंज्याचे सुतार आले. दोघे भाऊ, फार बोलत नाहीत. फळ्यांमध्ये सारख्या फटी ठेवून पितळी खिळ्यांनी बसवतायत. सागाचा वास सगळ्या आळीत. व. त्यांना चहा स्वतः नेऊन देतो. कुसुमवहिनी मला म्हणाल्या, "भावजी, माज्या बालंतपनात एवडी कालजी नव्हती घेतली यांनी."

संध्याकाळी व. एकटाच होता. अर्धा तास बसलो. तो बोलत होता, मी ऐकत होतो. वडिलांनी आयुष्यभर बैलगाडीनं मिठाच्या गोणी वाहिल्या, त्यांना मोटारीत बसायची फार हौस होती, ती राहिली वगैरे. हे मला पूर्वी कधी बोलला नव्हता.

अशात कसं सांगायचं.

(हे कारण चांगलं आहे. म्हणूनच संशय येतो.)

शनिवार, ६ जाने. ९०

फॉर्म.

व. घरी घेऊन आला. "तुजं अक्षर चांगलं. आनि इंग्रजीत हाय." सु.नं कांदेपोहे केले. मी टेबलाशी बसून भरला. नाव, पत्ता, साल, इंजिन. मूळचं इंजिन कधीच गेलं होतं, त्या जागी कुणीतरी डिझेल बसवलं होतं. व.नं कुर्ल्याच्या भंगारबाजारात हिंडून सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिळवलंय. तेही लिहिलं.

मग तो रकाना. बॉडी: कारखान्याची / नंतर बनवलेली. एक ठेवा, एक खोडा.

पेन थांबलं. व. पोहे खात होता. म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही. शाई."

'नंतर बनवलेली' खोडलं. सरळ रेघ, पट्टी लावल्यासारखी.

"बराबर ना सगलं?"

"बरोबर."

त्यानं न वाचता सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी.

याला विसर म्हणता येणार नाही. संकोचही नाही. त्या क्षणी मला ते पारशी गृहस्थ दिसत होते, बॅटरी घेऊन वाकलेले.

बुधवार, १० जाने.

परवा संपादकांचा निरोप आला होता: रविवारच्या पुरवणीला पिकअपवर लेख हवा, फोटोसकट. सकाळी वर्तमानपत्रांचे गठ्ठे टाकून टॅक्सी मुंबईला रिकामी परतते, तिच्या ड्रायव्हरकडे लिफाफा द्यायचा, ही पद्धत. साडेसहाची वेळ कधी चुकवलेली नाही. आजही नाही.

लेख चांगला झाला. फणस, कोंबड्या, होडीचे सुतार, शेंदरी रंग. मत्सरानं नजर तीक्ष्ण होते, हे कळलं. दोनदा तपासला. एकही वाक्य खोटं नाही. 'कारखाना' हा शब्द सबंध लेखात नाही. पंचवीस वर्षांचं कसब असं वापरलं.

रविवार, १४ जाने.

लेख आला. मथळा डेस्कवरच्या कुणीतरी दिलाय: 'अमेरिकेच्या कारखान्यातून थेट पनवेलच्या अंगणात'. चार कॉलम.

मथळा मी देत नाही. दुरुस्ती मात्र मी पाठवू शकतो. दोन ओळी, पुढच्या अंकात, कोपऱ्यात. अशा शेकडो पाठवल्या आहेत दुसऱ्यांच्या चुकांवर.

व.नं वीस अंक घेतले. सगळ्या गावात वाटले. वहिनींनी संक्रांतीचा तिळगूळ डबाभर पाठवला. सु. म्हणाली, "घ्या ना. आवडतो तुम्हाला." घेतला नाही, दात दुखतोय सांगितलं.

शनिवार, २० जाने.

गट बदलायची आजची शेवटची तारीख होती. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे. व.नं ती बाजू पाहिलेली नाही. मी पाहिली आहे.

सकाळी दहाला फोन करायला पोस्टात गेलो. रांग होती. उभा राहिलो. नंबर आल्यावर मागच्या माणसाला म्हटलं, तुम्ही करा.

संध्याकाळचे पाच वाजून गेले. आता प्रदर्शनात जायचा रस्ता बंद. एक तर ती कारखान्याची ठरणार, नाही तर सगळ्यांसमोर नंबर सोलला जाणार. पारशीबाबा या वर्षीही आहेत. डॉक्टरांना विचारून घेतलं, सहज विचारल्यासारखं.

शुक्रवार, २६ जाने.

आज पहिल्यांदा रस्त्यावर काढली. सकाळी झेंडावंदन उरकून व. मला न्यायला आला. शेजारी बसवलं.

काय लिहू. शेंदरी रंग उन्हात जळत होता. गाडी इतकी खाली बसवलीय की रस्ता हाताला लागेल. सहा सिलिंडरचा आवाज एकसारखा, शिवणयंत्रासारखा. गोव्याच्या रस्त्याला लागलो. कंटेनरवाले ट्रक बाजूला घेऊन बघत होते. एका सरदारजीनं गाडी थांबवून खाली उतरून सलाम ठोकला. पेणच्या अलीकडे वीटभट्टीवरच्या कातकरी बाया काम टाकून रस्त्याच्या कडेला आल्या. एक म्हणाली, "आगं, नवरीवानी हाय."

व.नं गाडी थांबवली. मला म्हणाला, "तू चालव."

चालवली. पळस्प्यापर्यंत. वीस-बावीस किलोमीटर मी विसरलो ती कुणाची आहे ते. कापलेली आहे हेही.

उतरल्यावर आठवलं. दोन्ही.

मंगळवार, ३० जाने.

चाचा बाजारात भेटला. "वसंतशेठ काय म्हणाले हो? ते तेलाच्या डब्याचं?"

"काही नाही म्हणाले."

"एक लफ्ज नाही?"

"नाही."

चाचा कौतुकानं मान हलवत राहिला. "दिलदार माणूस. दुसरा असता तर नानांच्या गिरणीवर जाऊन बसला असता." मग म्हणाला, रविवारी तोही येतोय मुंबईला, हौद्यात बसून. वाटेत पत्रा वाजला तर हातोडी असलेली बरी.

म्हणजे दिवसभर चाचा आणि व. एकत्र.

गुरुवार, १ फेब्रु.

व.च्या आईला पुढच्या सीटवर बसवून न्यायचं ठरलंय. म्हातारी ऐंशीच्या पुढची. नवं लुगडं आणलंय. गावातून एक बसही निघणार, बायामाणसं मिळून पन्नासेक. सगळ्यांना माझा लेख पाठ झालेला दिसतो. आई मला म्हणाली, "शिरू, तुज्यामुलं झालं रं बाबा. तू दावलीस म्हनून."

तिच्या पाया पडलो. का पडलो, तिला कळलं नाही, मला कळलं.

सु.ला आज सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. पूर्ण ऐकलं. निवडलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "त्या नंबर सोललेल्या माणसाची बायको गाडीत बसली होती, तुम्हीच सांगितलं होतं मला. आता म्हातारी बसेल."

शनिवार, ३ फेब्रु.

दुपारी गेलो. व. मांडवात एकटाच, जुन्या धोतराच्या फडक्यानं बंपर पुसत होता. कंबर वाकलेली, तोंडानं काहीतरी गुणगुणत.

म्हटलं, "वसंता, ही पिकअप नाही. मोटार आहे. कापलेली."

"म्हंजी?"

सांगितलं. पितळेचा जोड, तेलाचा डबा, मागचे दरवाजे. रॅलीचा नियम. पारशीबाबा, बॅटरी. तो पुसत राहिला. एकाच जागी.

"चाचाला माईत हाय?"

"हो. तुला मी सांगितलंय असं समजतो तो."

"तुला कदी कललं?"

"अठरा डिसेंबर."

"फारम कदी भरला आपन?"

"सहा जानेवारी."

"मंग लेख?"

"त्यानंतर."

बातमीदाराला उलटतपासणीत तारखा तोंडपाठ असतात. तेवढंच मला येत होतं. गट बदलायची मुदत वीसला गेली, तेही सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

त्यानं फडकं बंपरवर ठेवलं. "का रं?"

वाटेत मी लांबलचक उत्तर तयार केलं होतं. आठ वर्षं, फणस, नाना, सगळं त्यात होतं. ऐनवेळी तीनच शब्द आले.

"मला हवी होती."

व.नं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. हिशेब लागत नसताना माणूस बघतो तसं.

"मंग मागायची व्हती. नानाकरं नाय जमलं, माज्याकरं मागायची. मी दिली असती का नाय, ते जाऊ दे. पन तू मागायची व्हती."

तेवढ्यात आतून आईचा आवाज. उद्या किती वाजता निघायचं?

"साडेपाचला, आये," तो ओरडला. रोजच्याच आवाजात. मग हळू मला: "जा तू आता."

"उद्या जाणार?"

"ते तुला कशाला?"

निघालो. फाटकाशी वळून बघितलं. सीट पुढे ओढून मागे डोकं घातलं होतं त्यानं. हातानं चाचपत होता.

चाचा उद्या बरोबर असणार, एवीतेवी कळणारच होतं, म्हणून सांगितलं की आपणहून? संध्याकाळभर विचार केला. दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत. निकाल लागत नाही.

रविवार, ४ फेब्रु. पहाटे

साडेचारला उठलो. आंघोळ, इस्त्रीचा सदरा. कशासाठी, माहीत नाही. सु. चहा घेऊन आली.

"जाणार आहात?"

"बोलावलं नाही."

"नको म्हणालाय?"

"तेही नाही."

पाच वीस. गावची बस गेली. बायकांची गाणी ऐकू आली, मग गेली. म्हणजे गावाला त्यानं काही सांगितलेलं नाही. किंवा सांगूनही ते निघालेत. दोन्ही शक्य आहे.

तिथं रॅलीच्या टेबलावर फॉर्म पुढे करतील. साक्षीदार म्हणून माझी सही आहे. परीक्षकांनी विचारायच्या आधी जाऊन मी चूक कबूल केली, तर नंबर गुपचूप उतरवता येईल, गाडी कोपऱ्यात उभी करू देतील. पारशीबाबा मला ओळखतात. बोलले तर मला बोलतील. हसले तर मला हसतील. पण तिथवर जायला मला त्याच्याबरोबर असायला हवं. की त्याला ते नकोच आहे? म्हातारीला घेऊन तो ताठ मानेनं रांगेत उभा राहील आणि बॅटरी आत येईपर्यंत एक शब्द बोलणार नाही? त्याच्या स्वभावात तेही बसतं.

पाच पस्तीस. पिकअप आली. आवाज कोपऱ्यावर थांबला.

गॅलरीतून बघितलं. दिव्याखाली शेंदरी रंग काळपट दिसतो. पुढे आई, डोक्यावरून शाल. तिच्या बाजूला खिडकीकडे जागा आहे, पण तिथं एक पिशवीही आहे. हौद्यात चाचा, सतरंजीवर, मफलर गुंडाळून. त्याची मान खाली. त्याला कळलं असावं. माझ्या खिडकीकडे बघत नाही.

व.चे दोन्ही हात स्टिअरिंगवर. तोही वर बघत नाही. हॉर्न दिलेला नाही. मुंबईचा रस्ता उजवीकडे, त्याला या कोपऱ्यावर यायचं कारणच नव्हतं. पाच मिनिटं होत आली. इंजिन चालू आहे.

सु. म्हणते, "काय लिहिताय अजून?"

चपला घालतो. हौद्यात बसवलं तरी चालेल.